पेजेवर स्नायू पोसत नाहीत

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला हलकं आणि पातळ खायला द्यावं, हे आपल्या घरोघरी जवळजवळ सर्वमान्य मत आहे. पेज, मऊ भात, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर. अंडं-मासळी बंद. वजन उतरलं तर बरंच, रक्तदाब आणि साखर आटोक्यात येईल. हातापायांत बळ आणणं हे फिजिओथेरपिस्टचं काम, स्वयंपाकघराने फक्त पथ्य सांभाळावं. या मतामागे माया आहे, पण त्याची किंमत रुग्ण आपल्या चालण्यातून मोजतो.

पातळ म्हणजे सुरक्षित, हा समज तर उलटाच आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळताना त्रास होतो. श्वासमार्ग मिटायला उशीर लागतो आणि पाणी, चहा किंवा वरणाचं पाणी तेवढ्यात आत उतरतं. काहींना ठसकासुद्धा लागत नाही, थेट न्यूमोनियाच होतो. दाटसर, एकजीव घास सावकाश सरकतो, म्हणून अशा अनेकांना तोच सांभाळता येतो. अर्थात कोणाला काय झेपेल, हे गिळण्याची तपासणी झाल्यावरच ठरवावं. आता पेजेचा हिशेब पाहू. मूठभर तांदळाच्या वाटीभर पेजेत प्रथिनं असतात जेमतेम दोन-तीन ग्रॅम. निरोगी प्रौढासाठी भारतीय शिफारस वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅमची आहे. आजारी वयस्कांसाठी तज्ज्ञ 1.2 ते 1.5 ग्रॅम सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. अंथरुणाला खिळलेल्या शरीरात लुळ्या बाजूचे स्नायू झिजतातच, पण ज्या बाजूच्या भरवशावर उभं राहायचं ती चांगली बाजूही झिजते. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. त्यामुळे उतरलेल्या आकड्याचं कौतुक होतं आणि खुर्चीतून उठणं मात्र आणखी जड जातं.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप घरातून येत नाही, संशोधनातून येतो. ‘फूड’ नावाच्या मोठ्या बहुराष्ट्रीय चाचणीत 4,023 रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयातल्या नेहमीच्या जेवणाबरोबर पूरक आहार दिला गेला. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर ठळक फायदा दिसला नाही. मग आहाराचा एवढा आग्रह कशाला? पण त्या रुग्णांत कुपोषित म्हणून नोंदलेले होते सुमारे 8 टक्के. ज्यांना उणीव नव्हती त्यांना जास्तीचं देऊन काही मिळालं नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. शिवाय तिथे मोजमाप होतं मृत्यू आणि ढोबळ परावलंबन यांचं, किती पावलं चालता आलं याचं नव्हे. 2008 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका पुनर्वसन रुग्णालयात मुद्दाम कुपोषित रुग्णच निवडले गेले. सगळ्यांचा व्यायाम चालूच होता, फरक होता पूरक आहारात. जास्त उष्मांक आणि प्रथिनं मिळालेल्यांची हालचाल आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर अधिक सुधारलं. स्मरण-आकलनात मात्र फरक पडला नाही. ही चाचणी लहान होती, हे खरं. म्हणून माझा दावाही तेवढाच आहे: सरसकट सर्वांना डबेबंद पावडरी नकोत (त्यांच्या जाहिरातींवर तर अजिबात विसंबू नये), पण खंगत चाललेल्याला व्यायामाबरोबर पुरेसं अन्न न देणं हे उपचार अर्धवट सोडण्यासारखं आहे.

‘तो खातच नाही, आम्ही काय करणार?’ हा आक्षेप जास्त कळवळ्याचा आहे. पण भूक नसणं हे अनेकदा वरवरचं कारण असतं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींना डावीकडचं भानच राहत नाही. ताटाचा डावा अर्धा भाग तसाच उरतो आणि घरचे समजतात, पोट भरलं. कुणाला एका हाताने भाकरी मोडता येत नाही, कुणी दोन घासांत थकतं, कुणाला नैराश्य आलेलं असतं. ताट उजवीकडे सरकवणं, भाकरी दुधात कुस्करणं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवणं, पेजेऐवजी घट्ट मूगडाळीची खिचडी, दही, मऊ शिजवलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर यांत महाग फारसं काही नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं. मीठ कमी ठेवण्याचा सल्ला तर अगदी योग्य आहे; मीठ कमी करताना डाळही कमी करावी, असं मात्र त्यात कुठेच म्हटलेलं नाही. आणि रुग्णालयातून सुटी देताना गोळ्यांच्या वेळा आणि व्यायामाचे प्रकार ज्या कागदावर लिहून देतात, त्याच कागदावर रुग्णाचं वजन आणि रोजच्या प्रथिनांचा आकडा लिहायला डॉक्टरांना दोन ओळी पुरतात.