छतावरची वाघीण

12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूर स्थानकात शिरली, तेव्हा तिच्यात दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होते. वाघिणीमागे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ येऊ लागली आणि ऑगस्टपर्यंत तिच्या शंभरावर फेऱ्या झाल्या. मांजरा धरण आटलेले, टाक्यांभोवती जमावबंदी आणि गल्लीत आठवड्याने येणाऱ्या टँकरमधून घरटी दोनशे लिटर पाणी. ते पाणी ज्या बायांनी आठ दिवस पुरवले, त्यांचा हिशेब आम्ही पाहिला आहे. भाजी धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे संडासात, आणि पिण्याच्या घागरीवर घट्ट बसवलेली ताटली.

आता दुसरा हिशेब. लातूर-नांदेडकडे बऱ्या वर्षी सातशे मिलिमीटर पाऊस सहज होतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर त्यातून पासष्ट हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचा गाळ-घाण सोडून दिला, वाया जाणारे धरले, तरी पन्नास हजार लिटर हाती लागते. बरोबर एक वाघीण! सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून जी ओढून आणावी लागली, ती दर पावसाळ्यात घराच्या छतावर येऊन उभी राहते आणि पन्हाळीतून गटारात रिती होते. दुष्काळाच्या साली ती अर्धीच येईल, पण येईल.

हे कोणाला ठाऊक नाही असे नाही. बांधकाम परवान्यात छतावरच्या पाण्याच्या पुनर्भरणाची अट असते. आमच्या शेजारच्या अपार्टमेंटला छतावरून खाली उतरवलेला पाइप आजही आहे. त्याच्या तोंडाशी खड्डा होता. पार्किंगची फरशी घालताना तो बुजला. आता तिथे मोटारसायकली लागतात आणि पावसाचे पाणी त्यांच्या चाकांखालून रस्त्यावर जाते. अट कागदावर पुरी झाली, आणि त्या इमारतीतल्या एकाही बिऱ्हाडाला ती आपली वाटली नाही, कारण ती ठरवताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आमची तक्रार नेमकी इथे आहे. मराठवाड्यातल्या शहरांच्या पाण्याचा विचार नेहमी लांबच्या पाण्यापासून सुरू होतो. लातूरला उजनी धरणाचे पाणी हवे, ही मागणी जुनी आहे. अकरा धरणे जलवाहिन्यांनी जोडणाऱ्या ‘वॉटर ग्रिड’चा आराखडा इस्रायली कंपनीकडून करून घेतला गेला. या योजनांना आमचा विरोध नाही. दुष्काळात घसा कोरडा पडलेल्या माणसाने पाणी कुठून आले ते विचारू नये. पण आराखड्यातली नळी ज्या प्रभागात येऊन संपते, तिथल्या लोकांना जी माहिती असते ती कोणत्याही कंपनीला नसते. कुठली लाइन वर्षानुवर्षे गळते, कोण नळालाच मोटार लावतो, जुन्या लातुरातला कोणता आड अजून जिवंत आहे आणि कोणत्या कॉलनीतले बोअर आधी उचकी देतात, हे सारे त्या गल्लीलाच माहीत.

लोक पुढे येत नाहीत म्हणावे, तर 2016 चाच पुरावा समोर आहे. गुढीपाडव्याला ‘जलयुक्त लातूर’ची चळवळ सुरू झाली. डॉ. अशोक कुकडे यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळी पुढे झाली, व्यापाऱ्यांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांनी पैसे दिले आणि साई ते नागझरी असे मांजरेचे सुमारे अठरा किलोमीटरचे पात्र खोल-रुंद करायला घेतले. हे सगळे झाले ते धरण आटल्यावर. पाऊस आला, धरण भरले आणि नागरिक पुन्हा नुसता नळधारक झाला.

नांदेडला गोदावरी आहे म्हणून तिथे निर्धास्त राहावे, अशीही स्थिती नाही. गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाचा साठा लहान, ऐंशी दशलक्ष घनमीटरच्या आसपास. पावसाळ्यात दरवाजे उघडून पाणी सोडावे लागते आणि उन्हाळ्यात त्याच जलाशयात पथके उतरवून अवैध उपशाच्या मोटारी काढाव्या लागतात. 

उपशाच्या या मोटारींवरून उसाचा विषय निघतोच. पाटपाण्यावरच्या हेक्टरभर उसाला दोन-अडीच कोटी लिटर पाणी लागते. पन्नास वाघिणींच्या आठ-दहा गाड्या. तरीही शहराने शेतकऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. हमखास पैसा देणारे दुसरे पीक त्याच्यापुढे कोणी ठेवलेले नाही, आणि लातुरातल्या कितीतरी घरांचा ऊस गावाकडे उभा आहे. म्हणून तर पाण्याचा हा व्यवहार शहर आणि शेतकरी दोघांनी समोरासमोर बसून करायला हवा.

बसायला जागाही कायद्याने दिली आहे. महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद 2009 मध्ये झाली. गावाला ग्रामसभा आहे आणि हिवरे बाजारसारखे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवते. शहराच्या क्षेत्रसभा मात्र भरतच नाहीत. केपटाउनने 2018 मध्ये माणशी रोज पन्नास लिटरची मर्यादा घातली, तेव्हा धरणांची पातळी दर आठवड्याला लोकांपुढे ठेवली होती. आपल्याकडे 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर वर्षाचे नियोजन होते, कालवा सल्लागार समिती पाणीपाळ्या ठरवते, आणि नळधारकाला ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते.

15 ऑक्टोबरच्या त्याच आठवड्यात लातूर आणि नांदेडच्या प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा लावा. महापालिकेच्या शाळेचा वर्ग पुरेल. फळ्यावर धरणातला साठा, उसाला जाणारे पाणी, शहराला मिळणारे पाणी आणि गळती हे आकडे खडूने लिहा, बाजूला प्रभागातली छते मोजून मांडा आणि अभियंत्याला समोर बसवा. पहिला प्रश्न 2016 मध्ये दोनशे लिटर आठ दिवस पुरवणाऱ्या बाईला विचारू द्या.