आज्ञाकर

नेतृत्व घडविणाऱ्या शिबिरांना आज तोटा नाही. महाविद्यालयांत, कंपन्यांत, पक्षांत, सर्वत्र पुढारी कसे व्हावे याचे धडे दिले जातात. उत्तम अनुयायी कसे व्हावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. 'आज्ञाधारक' हा शब्द तर आपण शाळेतील रजेच्या अर्जापुरताच उरविला आहे. वाशीमच्या भूमीत या शब्दाच्या एका जुन्या भावंडाला फार वेगळा मान होता.

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शहराजवळ हिस्से बोराळा येथे सापडलेला शिलालेख शके ३८०चा, म्हणजे इ.स. ४५८च्या सुमाराचा आहे. राजा देवसेनाच्या काळात 'सुदर्शन' नावाचा जलाशय बांधला गेल्याची ती नोंद आहे. बांधविणारा स्वामिल्लदेव, आणि त्याची ओळख दिली आहे ती देवसेनाचा 'आज्ञाकर' म्हणून. आज्ञा द्यावयास एक वाक्य पुरते. बांधाची जागा हेरणे, पाण्याचा ओघ ओळखणे, माणसे जमविणे, पावसापूर्वी काम तडीस नेणे, हे सारे आज्ञाकराच्या माथी येते. राजा काही बांधावर उभा नसतो. तेथे क्षणोक्षणी निर्णय घ्यावे लागतात आणि ते दुसरा कोणी घेत नाही.

'सुदर्शन' हे नाव त्याआधीच कीर्तिमान झालेले होते. गिरनारजवळचा मौर्यकालीन सुदर्शन तलाव फुटला, तेव्हा त्याचे खिंडार पाहूनच महाक्षत्रप रुद्रदामनाच्या सचिवांचा धीर सुटला, असे इ.स. १५०च्या सुमाराचा तेथील शिलालेख सांगतो. हे काम होणे नाही, असे त्यांचे मत पडले. प्रजा हवालदिल झाली. अखेर तो बांध पुन्हा उभा केला, तो सुविशाख या अमात्याने. धनी एकच, सेवकही त्याचेच. परंतु इतरांनी केवळ अडचण मोजली आणि सुविशाखाने धन्याचा हेतू आपला मानला.

मात्र निमूट पालन हेच सर्वस्व नव्हे. देवसेनाचा मंत्री हस्तिभोज इतका कर्तबगार होता की, राज्यभार त्याच्यावर सोपवून राजा निश्चिंतपणे सुखोपभोगात रमला, असे अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील लेख म्हणतो. हे लेणे हस्तिभोजाचा पुत्र आणि हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविले. लेखात ही गोष्ट स्तुती म्हणून आली आहे. पण सेवक कर्तबगार म्हणून राजाने निश्चिंत व्हावे, यात घराण्याचे हित होते काय?

दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा याची कथा आहे. तीत हरिषेणानंतरच्या वाकाटकांच्या पडझडीचे प्रतिबिंब असल्याचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला राजनीतीच्या अभ्यासाचा उपदेश करतो. विहारभद्र नावाचा खुशमस्कऱ्या त्या अभ्यासाची टर उडवितो. राजाला दुसरेच बोलणे गोड लागते, वसुरक्षित बाजूला पडतो आणि अश्मकांचा राजा वसंतभानु संधी साधतो. विहारभद्रही अनुयायीच होता, किंबहुना राजाच्या अधिक जवळचा!

संघटनेत वावरणाऱ्यांना ही माणसे अनोळखी नाहीत. प्रमुखाने तोंड उघडताच मान डोलविणारे असतात. आपली सूचना मानली नाही म्हणून दुसऱ्या दिवसापासून घरी बसणारेही असतात. पहिल्यांना निष्ठावंत आणि दुसऱ्यांना स्वाभिमानी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः दोघांनीही कामाआधी स्वतःचा विचार केलेला असतो. गावतळ्याचा गाळ काढण्याची बैठक भरते, तेव्हा भाषणे भरपूर होतात. सांडव्याची जागा चुकते आहे, हे प्रमुखाला तोंडावर सांगणारा एखादाच. त्याचे म्हणणे फेटाळले गेले, तरी सकाळी तोच फावडे घेऊन हजर असतो. पहिल्या पावसात पाणी कोठून वाहते, हे पाहावयासही तोच जातो, आणि पुढील बैठकीत ते पुन्हा सांगतो.