झोळीला झोळ हवाच

आमच्या मामंजींचं वय चौऱ्याहत्तर. खानापूर तालुक्यातल्या आमच्या बागेत आंब्याची तीसेक झाडं, चार फणस आणि बांधाला काजू. एप्रिल लागला की मामंजी घोंगडी, कंदील आणि काठी घेऊन बागेत राखणीला जायचे ते थेट मृगाच्या तोंडावर घरी यायचे. गेली चाळीस वर्षं हा नेम. वानरं आणि चोर यांच्यापेक्षा त्यांना घरातला टीव्ही जास्त त्रासदायक वाटतो, असं आमचे हे म्हणतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात पहाटे त्यांनी चटई गुंडाळायला घेतली आणि खालून मण्यार निघाली. चावली नाही, एवढंच नशीब. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या जवळ येते. तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, खूणही नीट दिसत नाही आणि झोपेतच माणूस अत्यवस्थ होतो. हे सगळं ऐकल्यावर घरात एकमताने ठराव झाला, की मामंजींनी आता बागेत झोपायचं नाही. बाग पुढच्या साली व्यापाऱ्याला मक्त्याने देऊन टाकायची.

मामंजी काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते ओसरीवर बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवायचे, परत ओसरीवर. धारवाडकडच्या आमच्या जाऊबाई एकदा हळूच मला म्हणाल्या, "वहिनी, साप चावला नाही खरा, पण मामंजी अर्धे झाले बघा." खोटं नव्हतं ते.

या वर्षी गुढीपाडव्याला चिरंजीव बेंगळूरहून आले ते पाठीवरच्या पिशवीत एक जाळीदार गाठोडं घेऊन. ते म्हणजे हॅमॉक. दोन झाडांना बांधायची, माणसाने झोपायची झोळी. सोबत मच्छरदाणी शिवलेली आणि वर बांधायला ताडपत्री. "आजोबांना जमिनीवर झोपायचंच नाही ना? मग झोपू देत अधांतरी," म्हणाला.

नाव इंग्रजी असलं तरी वस्तू आपल्याला परकी नाही. ऊसतोडीला आलेल्या बायका बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून पोराला निजवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कन्नडमध्ये पाळण्याला तोट्टिलु म्हणतात आणि नागपंचमीच्या झोक्याला जोकाली. त्या दोन्हींचं हे मोठ्या माणसाचं रूप. मूळ मात्र कॅरिबियन बेटांवरचं. 1492 साली कोलंबस तिकडे पोचला तेव्हा तिथले ताईनो लोक झाडांना टांगलेल्या जाळ्यांत झोपत होते. त्यांचा शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला, पुढे इंग्रजीत आला. त्यांची युक्तीही तीच होती, की ओल, किडे आणि साप खाली राहू देत, आपण वर.

तर मंडळी, पहिल्या दिवशी आमची फजिती झाली. आमच्या ह्यांनी आणि चिरंजीवांनी मिळून झोळी अशी ताणून बांधली, की तिच्यावर पापड वाळत घालावेत. "खाटेसारखी सपाट पाहिजे, बाबांची पाठ दुखते," हा विचार. मामंजी बसले, आडवे झाले आणि पुढच्या क्षणी कुशीवर कलंडून चिरंजीवांच्या हातात आले. दुसऱ्यांदा कसेबसे टिकले, पण कापडाच्या दोन्ही कडा खांद्यांना आवळत होत्या. दहा मिनिटांत खाली उतरले आणि म्हणाले, "ह्यात झोप कसली लागते? नुसता लोंबकळलो की मी."

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या जाऊबाई दुरूनच ओरडल्या, "हग्ग सडिल बिडो! दोरी सैल सोड रे! पोराची झोळी कधी ताणून बांधतात काय?"

सगळं शहाणपण या एका वाक्यात होतं. झोळीला झोळ हवाच. कापड जितकं ताणलेलं, तितकं ते अंगाला आवळतं, लवकर कलंडतं आणि दोरीवर ताणही भलताच येतो. दोरी झाडाकडून झोळीकडे सुमारे तीस अंशांच्या उताराने यावी. कोनमापक नको. दोरीच्या अंगाने दोन हात मोजावेत, तेवढ्यात उंची एक हात उतरली पाहिजे. असं असलं, की साठ किलोच्या माणसाचा ताण प्रत्येक बाजूच्या दोरीवर साधारण साठ किलोच पडतो. तोच उतार दहा अंशांवर आणला, तर एकेका बाजूला पावणेदोनशे किलोच्या घरात ताण जातो. दोरी तुटते किंवा झाड कलतं ते यामुळेच, माणसाच्या वजनामुळे नव्हे.

चिरंजीवांनी मग झोळीच्या दोन टोकांमध्ये वरून एक बारीक मजबूत दोरी कायमची बांधून टाकली. झोळी अकरा फुटांची, ही दोरी नऊ फुटांची. म्हणजे झाडं जवळ असोत की लांब, झोळ रोज तेवढाच राहतो. चष्मा आणि बॅटरीची पिशवी अडकवायलाही तीच दोरी उपयोगी.

दुसरी गोष्ट आडवं होण्याची. आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. कन्नडमध्येही तीच, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. झोळीत मात्र पाय सरळ पसरायचेच नाहीत. मधोमध सरळ झोपलं की पाठीची कमान होते, केळ्यासारखी. डोकं हातभर डावीकडे आणि पाय हातभर उजवीकडे, असं तिरकं झोपावं. मग कापड आपोआप पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. ज्याला उलट बाजू बरी वाटेल त्याने तशी घ्यावी. पायांकडची बाजू डोक्याकडच्या बाजूपेक्षा वीतभर उंच बांधावी, नाहीतर रात्रभर माणूस पायाकडे घसरत राहतो. पोटावर झोपायची सवय असणाऱ्यांना मात्र हे जमत नाही, आणि मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

उंची किती? बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, खुर्चीसारखे. मामंजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे हे फार महत्त्वाचं. दोन झाडांमध्ये चौदा फूट अंतर असेल, तर पट्टा साधारण साडेपाच फुटांवर येतो. अंतर वाढलं की पट्टाही वर न्यावा लागतो. चढताना आधी मधोमध पाठ करून बसायचं, कापड मागे पसरायचं आणि मग पाय वर घ्यायचे. उतरताना आधी दोन्ही पाय खाली, मग काठी, मग उठणं. लहान पोरांना त्यात एकटं सोडून जाऊ नये.

झाड निवडणं हे मामंजींचं खातं. आंबा, फणस, जांभूळ चालतं. बुंधा मांडीहून चांगला जाड हवा. शेवग्याला आणि काजूच्या फांदीला भार सोसत नाही, सुपारी बारीक, आणि नारळाखाली झोपणारा स्वतःचं डोकं पणाला लावतो. बांधण्यापूर्वी वर बघायचं. वाळकी फांदी लटकत असेल तर ते झाड सोडायचं. बारीक दोरी सालीत रुतते आणि झाडाला इजा होते, म्हणून लॉरीवर माल आवळायचा दोन इंची पट्टा बुंध्याभोवती घ्यायचा.

पहिली पूर्ण रात्र बरी गेली, पण पहाटे तीनला मामंजी कुडकुडत उठले. मे महिन्यात थंडी? हो. झोळीच्या खालून वारा खेळतो. अंगाखाली दबलेलं पांघरूण ऊब देत नाही, कारण त्यातली हवा निघून जाते. उपाय मामंजींनीच काढला. घोंगडी आत न घेता त्यांनी ती झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूला, चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधून लटकवली. कापडाला हलकेच टेकेल इतकीच. ज्या कंबळीने चाळीस वर्षं अंगावर ऊब दिली, ती आता अंगाखालून देऊ लागली.

ताडपत्री हा शब्द दोन्ही भाषांत एकच, आणि ती बांधण्यातली चूकही दोन्हीकडे एकच. आपण तिला सरळ छतासारखी ताणतो, मग मधे पाणी साचतं. दोन झाडांमध्ये वेगळी दोरी बांधावी, झोळीच्या दोरीला ती जोडू नये, कारण झोळी हलते. त्या दोरीवर ताडपत्री कौलारू घरासारखी दोन्हीकडे उतरती सोडावी. आमची बारा बाय दहाची आहे. झोळीच्या दोन्ही टोकांपलीकडे ती फूट-दीड फूट जाते. वाऱ्याच्या बाजूचा पाखा खाली ओढावा, दुसरा थोडा उचललेला ठेवावा. ताडपत्रीचे धातूचे डोळे वाऱ्यात फाटतात. तिथे कोपऱ्यात एक गुळगुळीत गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधली, तर ती निसटत नाही आणि फाटतही नाही. गाठ सुरगाठ असावी, निरगाठ नको. अंधारात, पावसात एका ओढीने सुटली पाहिजे.

आणखी एक बारीक युक्ती. पाऊस झाडाच्या बुंध्यावरून पट्ट्यावर आणि तिथून दोरीवरून थेट झोळीत येतो. ताडपत्रीच्या आत, झोळीपासून वीतभर अंतरावर, दोन्ही दोऱ्यांना सुतळीचा एकेक तुकडा बांधून लोंबता ठेवायचा. पाणी त्या सुतळीवरून खाली ठिबकतं, झोळी कोरडी राहते.

बाकीचे नियम घरच्यांनी घातले. मच्छरदाणी नीट बंद. चपला जमिनीवर नाहीत, दोरीला अडकवायच्या आणि घालण्यापूर्वी झटकायच्या. खाली उतरण्याआधी बॅटरीचा उजेड. झोळीखालचा पालापाचोळा रोज झाडायचा, कारण माकडतापाचा विषाणू गोचिडांतून पसरतो. 1957 साली शिमोगा भागातल्या क्यासनूर इथे ओळखला गेलेला हा ताप गेल्या काही वर्षांत सत्तरी आणि दोडामार्गकडेही आढळला आहे. मेलेलं माकड दिसलं, तर जवळ न जाता आरोग्य खात्याला कळवायचं. सापाचा नुसता संशय आला तरी मंत्र-तंत्र नाही, सरळ दवाखाना. आणि हे सगळं स्वतःच्या बागेत. आमच्या तालुक्यातलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय झोळी काय, चूलही मांडायची नाही.

शेवटचा नियम सगळ्यांत कडक. विजेचा कडकडाट ऐकू आला, की झाडाखाली क्षणभर थांबायचं नाही. ताडपत्री पावसासाठी आहे, विजेसाठी नाही. पंपाच्या पक्क्या खोलीत जायचं. मामंजींनी मान हलवली, पण ती मान ते आयुष्यभर हलवत आले आहेत आणि स्वतःला हवं तेच करत आले आहेत.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला. रात्री अकराला असा कडाडला, की घराच्या काचा थरथरल्या. फोन लावला, लागेना. परत लावला, परत नाही. आमचे हे नुसते येरझारा घालत होते. जाऊबाई देवापाशी जाऊन बसल्या. मी मनात स्वतःलाच बोल लावत होते. कशाला ऐकलं आपण पोराचं? कडकडाट जरा लांब गेल्यावर चिरंजीव गाडी काढून गेले. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"आई, आजोबा पंपाच्या खोलीत पोत्यावर बसलेत. मला विचारतात, एवढ्या पावसात कशाला आलास म्हणून."

सकाळी आम्ही सगळे गेलो. ताडपत्रीवरून पाणी ओघळत होतं, सुतळीच्या तुकड्यांवरून ठिबकत होतं. मी झोळीत हात घालून पाहिला. कोरडी ठणठणीत. मामंजी पडलेले आंबे वेचत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सूनबाई, कडाडलं तसा सुरगाठ ओढून मच्छरदाणी गुंडाळून ठेवली आणि गेलो. तुम्ही सांगितलं होतं ना?"

असो. बाग मक्त्याने द्यायचा विषय त्या दिवसापासून कोणी काढलेला नाही. ओसरी रिकामी असते आणि आम्हाला ती तशीच बरी वाटते. तुमच्याही घरात कोणी असं ओसरीवर बसून राहिलं असेल, तर नुसती मनाई करून थांबू नका. त्यांना जे हवं आहे ते बिनधोक कसं होईल, ते एकदा बसून बघा. आणि झोळी बांधलीत, तर जाऊबाईंचं वाक्य विसरू नका. सडिल बिड्री. जरा सैल सोडा.