बीडला धबधबा? हो, बॉस!

‘बीडला? फिरायला?’ प्लॅन सांगितला की ऑफिसात पहिली रिअॅक्शन हीच. दुष्काळ, ऊसतोड आणि इलेक्शन सोडलं तर बीड आपल्या कुणाच्या गावीच नसतं. तर मंडळी, लोणावळ्याचा ट्रॅफिक जॅम एक वीकेण्ड विसरा आणि पाटोदा तालुक्यातलं सौताडा गाठा. पुणे, अहिल्यानगर, जामखेड... आणि पुढे बालाघाटचे डोंगर.

पाऊस बरा झालेला असेल तरच जा. कोरड्या वर्षी नुसताच कातळ दिसेल. पण पाणी असलं की काय बात! माळावरून गुपचूप आलेली विंचरणा नदी इथे थेट दरीत उडी घेते. खाली तळाशी रामेश्वराचं देऊळ. श्रावणी सोमवारी गर्दी असते, एरवी घंटा आणि धबधब्याचा आवाज एवढंच.

अख्खा बालाघाट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. काही टणक, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर खालून पोखरतं आणि टणक थर सज्जासारखा वर लटकत राहतो. फोटोसाठी आपण ज्या ‘मस्त फ्लॅट’ दगडावर उभे राहतो, त्याच्या खाली पोकळी आहे की नाही, ते वरून कळतच नाही. वर शेवाळं!

आमच्या ग्रुपमधल्या एका हिरोला नेमका धारेच्या तोंडाशीच डीपी हवा होता. लख्ख ऊन, पाणी घोट्याएवढं. कणसं विकणाऱ्या मावशींनी त्याला हटकलंच, ‘दादा, मागं या. इथं ऊन असलं तरी वर माळावर पाऊस पडतोय. पाणी काय सांगून येत न्हाई.’

साहेब मागे आले, पण फुगून बसले. पार मांजरसुंब्यापर्यंत ‘दोन मिनिटांत काय झालं असतं?’ चालू होतं. मी सरळ सांगितलं, पुढच्या ट्रिपला असला हट्ट असेल तर तुझी सीट कॅन्सल.

मांजरसुंब्याजवळच कपिलधार आहे. तिथे मन्मथस्वामींची समाधी, शेजारी आणखी एक धबधबा. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते, तेव्हा निवांतपणाची अपेक्षा नको. एरवी सकाळी लवकर जा, ग्रिप असलेले बूट घाला, आणि वर ढग काळे दिसले तर दरीत उतरूच नका. चहा प्या, कणीस खा. मोरांचा मूड असेल तर पाटोद्याकडचं नायगाव अभयारण्यही आहेच.