कोरवंजी, कुरळ आणि जात

तमिळ इव्हँजेलिकल लुथेरन चर्चचा इतिहास बहुधा मिशनऱ्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. १७०६ साली झीगेनबाल्ग डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडीस उतरला, १७१५ साली त्याचा तमिळ 'नवा करार' छापून झाला, १९१९ साली स्वतंत्र चर्च उभे राहिले. हा सांगाडा खोटा नाही. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यापाशी थांबू नये.

तंजावरचा लुथेरन मिशनरी श्वार्ट्झ १७९८ साली वारला. त्याच्या हाताखाली शिकलेले दोघे म्हणजे मराठा राजा सरफोजी आणि ख्रिस्ती कवी वेदनायकम शास्त्री. दोघांनीही पुढे कोरवंजी हा एकच नाट्यप्रकार हाती घेतला. सरफोजींच्या मराठी 'देवेंद्र कोरवंजी'त भविष्य सांगणारी स्त्री चक्क जगाचा भूगोल सांगते (आपल्या नाट्येतिहासात हिचा उल्लेख ओझरताच). शास्त्रींच्या तमिळ 'बेथलेहेम कुरवंजी'त (१८००) तोच प्रकार ख्रिस्तभक्तीला जुंपलेला आहे, आणि भूगोल-खगोल तिथेही आहेतच.

देशीवादाच्या पुरस्कर्त्यांना आनंद व्हावा असे हे उदाहरण. माझी अडचण इथूनच सुरू होते. १८२०च्या दशकात, तंजावरचे काम अँग्लिकन संस्थेकडे जात असताना, नव्या पिढीच्या मिशनऱ्यांनी मंडळीतील जातिभेद मोडायला घेतला आणि बायबलचे जुने तमिळ भाषांतरही बदलायला घेतले. या वेल्लाळ कवीने दोहोंना सारख्याच त्वेषाने विरोध केला. भाषांतर, गाणी, लग्नातली फुले आणि जात ही त्याच्या लेखी एकाच परंपरेची अंगे होती.

एका कवीचा हट्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. तिरुक्कुरळ जर्मनमध्ये नेणारा कार्ल ग्राऊल हाच लाइपझिग मिशनचा संचालक, आणि जात सोडण्याची सक्ती नको हे धोरणही त्याचेच. अँग्लिकनांवर रुष्ट झालेले अनेक वेल्लाळ त्यामुळे लुथेरनांकडे आले. १९१९चे चर्च मुख्यत्वे याच मिशनच्या कामातून उभे राहिले. तमिळवरचे प्रेम आणि जातीविषयीची सबुरी या घरात एकत्र नांदली. तिची किंमत ग्राऊलने मोजली नाही, शास्त्रींनीही नाही; ती प्रार्थनेला वेगळे बसवल्या गेलेल्या दलित ख्रिस्तींनी मोजली.

आपली देशीवादी समीक्षा रूप, बोली, लय यांविषयी भरभरून बोलते. ती गाणी कोण कुठे बसून ऐकत होते, हे मात्र ती क्वचितच विचारते. 'बेथलेहेम कुरवंजी' तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात जरूर असावी. फक्त तिच्या शेजारी शास्त्रींचे जातिसमर्थनाचे लेखनही ठेवावे, आणि विद्यार्थ्यांना दोन्ही एकाच आठवड्यात वाचायला सांगावे.