विश्लेषण : सापाचे पाय कुठे गेले? ‘इव्हो-डेव्हो’च्या प्रादेशिक परिषदा का महत्त्वाच्या?

उत्क्रांती आणि भ्रूणविकास या दोन शाखांना जोडणाऱ्या ‘इव्हो-डेव्हो’ या विषयाचे युरोपीय संशोधक साधारण दर दोन वर्षांनी एकत्र येतात. अमेरिका खंडातही अशी स्वतंत्र परिषद भरते. जागतिक परिषदांची रेलचेल असताना प्रादेशिक व्यासपीठ कशासाठी आणि त्यातून भारताने काय घ्यावे?

‘इव्हो-डेव्हो’ म्हणजे काय?

एका पेशीच्या गर्भापासून पूर्ण शरीर कसे घडते, हा विकासात्मक जीवशास्त्राचा प्रश्न. लाखो वर्षांत शरीरांचे आकार कसे बदलले, हा उत्क्रांतीचा. घडण्याची प्रक्रिया बदलल्याशिवाय आकार बदलत नाही, म्हणून हे दोन्ही प्रश्न एकत्र तपासणारी शाखा म्हणजे इव्हो-डेव्हो. तिला बळ मिळाले ते १९८०च्या दशकात. फळमाशीत शरीराचा कोणता भाग कुठे घडावा हे ठरवणाऱ्या ‘हॉक्स’ जनुकांची भावंडे उंदरात आणि माणसातही सापडली. फळमाशीच्या भ्रूणविकासावरील संशोधनासाठी एडवर्ड लुईस, क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना १९९५चे नोबेल मिळाले.

मग सापाचे पाय कुठे गेले?

पाय घडण्यासाठी लागणारे ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक सापात आजही शाबूत आहे. मेंदूसारख्या इतर अवयवांसाठीही ते लागत असल्याने ते गमावणे परवडणारे नाही. बिघडले ते पायाच्या जागी हे जनुक सुरू करणारे डीएनएमधील ‘बटण’. २०१६मध्ये संशोधकांनी उंदरातील हे बटण काढून तिथे सापाचे बसवले, तेव्हा उंदराचे पाय खुंटले. सापाच्या बटणातील हरवलेला छोटा तुकडा परत जोडल्यावर पाय पुन्हा नीट वाढले. अजगराच्या शेपटीच्या बुडाशी दिसणारी नखांसारखी दोन टोके ही त्या हरवलेल्या पायांचीच खूण. माणसात याच बटणात बदल झाला, तर हाताला सहावे बोट येऊ शकते. म्हणजे सापाचा अभ्यास जन्मजात व्यंगांच्या निदानापर्यंत पोहोचतो.

प्रादेशिक परिषद कशासाठी?

प्रयोगशाळांचा भर फळमाशी, उंदीर, झेब्राफिश अशा मोजक्या प्राण्यांवर असतो. ते पाळायला सोपे आणि झटपट वाढणारे. पण उत्क्रांतीचे कोडे सोडवायचे तर वेगवेगळ्या फांद्यांवरचे प्राणी लागतात आणि ते त्या त्या प्रदेशातच मिळतात. त्यांची अंडी कधी मिळतात, ती कशी जगवायची, हे ज्ञान शोधनिबंधात क्वचितच सापडते. ते प्रत्यक्ष भेटीत हस्तांतरित होते. दुसरे कारण म्हणजे हा विषय दोन विभागांच्या मधल्या फटीत पडतो. भ्रूणशास्त्राच्या परिषदेत तो उत्क्रांतीचा वाटतो आणि उत्क्रांतीच्या परिषदेत भ्रूणशास्त्राचा. तरुण संशोधकाला मार्गदर्शक, सहकारी आणि पुढे नोकरी मिळवून देणारे वर्तुळ अशा फटीत आपोआप तयार होत नाही, ते उभारावे लागते.

युरोपने ते कसे उभारले?

युरोपीय संघटनेची पहिली परिषद २००६मध्ये प्राग येथे झाली. २०२०ची नेपल्स परिषद करोनामुळे २०२२मध्ये झाली, तर २०२४ची हेलसिंकीत. नेपल्सची निवड सूचक होती. तेथे अँटोन डोर्न यांनी १८७२मध्ये सागरी प्राणिशास्त्र केंद्र स्थापन केले. विविध देशांनी तेथील संशोधनाची मेजे भाड्याने घ्यावीत आणि आपले अभ्यासक पाठवावेत, अशी ती व्यवस्था होती. समोरच्या समुद्रातील जीव आणि खर्चाची सामायिक वाटणी, या दोन पायांवर ती संस्था उभी राहिली.

भारतात काय स्थिती?

पाया आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर दीर्घकाळ काम झाले आहे. एल. एस. शशिधरा यांनी हैदराबाद आणि पुण्यात ‘यूबीएक्स’ या हॉक्स जनुकाचा अभ्यास केला. माशीत हे जनुक मागच्या पंखांचे रूपांतर तोल सांभाळणाऱ्या छोट्या अवयवांत करते, मात्र मधमाशी आणि फुलपाखरात ते असूनही मागचे पंख टिकून आहेत. असे का, हा त्यातला कळीचा प्रश्न. कच्चा माल तर दारातच आहे. पश्चिम घाटातील काही झुडपी बेडकांच्या अंड्यांतून बेडूकमासा न निघता थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. जांभळ्या बेडकाचे बेडूकमासे वाहत्या ओढ्यात तोंडाने खडकाला चिकटून राहतात.

अडचण कुठे आहे?

विकासात्मक जीवशास्त्राची आणि उत्क्रांती जीवशास्त्राची अशा दोन स्वतंत्र संघटना देशात आहेत. त्यांच्यातील पूल मात्र अरुंद आहे. दुसरी अडचण शाळेत सुरू होते. ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा २०२३मध्ये १,८००हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे निषेध केला. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर हा विषय पडणारच नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. दक्षिण आशियाई परिषद भरवणे फार खर्चाचे नाही. दोन्ही संघटनांनी एका संयुक्त सत्रापासून सुरुवात केली तरी पुरे. अन्यथा घाटातील बेडकांची गुपिते उलगडतील, पण ती परदेशातील प्रयोगशाळांत आणि आपण ती त्यांच्या शोधनिबंधांत वाचू.