फटफटीचा वानप्रस्थ

साठी उलटलेल्या वडिलांनीं फटफटी चालवावी कीं नाहीं, हा वाद महाड-पोलादपुराकडील घराघरांतून ऐकूं येतो. डोंगराळ मुलखांत बाजार, बँक व दवाखाना यांसाठीं फटफटी म्हणजे वडिलांचे पायच होत. त्यामुळें हा वाद नुसत्या वाहनाचा नसतो. कोणास न विचारतां घराबाहेर पडण्याच्या मोकळीकीचा असतो.

मोतीबिंदू काढल्यावर आणि गुडघे कुरकुरूं लागल्यावरही आम्ही फटफटी चालवीत आहों. मात्र नियम बदलले आहेत. गृहस्थाश्रम व संन्यास यांच्यामध्यें शास्त्रकारांनीं वानप्रस्थ घातला, तो उगीच नव्हे. सोडणें हें पायरीपायरीनेंच साधतें.

पहिली पायरी रात्रीची. विशीच्या मानानें साठीच्या डोळ्यांत सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पडद्यापर्यंत पोहोंचतो. ताशीं ५० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास १४ मीटर जाते. ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर ७ मीटर हातचे गेले.

दुसरी पायरी पावसाळ्याची. महाबळेश्वरास जाणाऱ्या आंबेनळी घाटांत त्या दिवसांत धुकें असतें आणि दरडी येतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल महापुरांत कोसळून दोन एस. टी. गाड्या नदींत गेल्या. पूर आणि अंधार यांपुढें जेथें तरुणांची नजर चालत नाहीं, तेथें वृद्धांची कथा काय?

तिसरी पायरी, नातवंडांस मागें न बसविण्याची. चौथी, जड गाडी सोडण्याची. आजची बुलेट ३५० सुमारें १९५ किलोंची, तर गिअर नसलेली स्कूटर सुमारें ११० किलोंची असते. गाडी एका अंगास कलूं लागली, कीं हा फरक गुडघ्यांस कळतो.

ज्यांस घेरी येते अथवा औषधानें साखर एकाएकीं उतरते, त्यांस मात्र पायऱ्या नाहींत. डॉक्टरांनीं स्पष्ट अनुज्ञा देईपर्यंत त्यांनीं किल्लीस हातच लावूं नये.

कायद्यानें वयाची वरची मर्यादा घातलेली नाहीं. पंचावन्न वर्षें पुरीं झाल्यावर नूतन केलेला परवाना पांच वर्षें चालतो, आणि त्यासाठीं वैद्यकीय दाखला लागतो. पण शरीर पांच वर्षें थांबत नाहीं. तपासणी दरसाल करावी.

मुलांस व सुनांस एवढेंच सांगणें, कीं किल्ली लपवूं नका. लपविलेल्या किल्लीनें वडील सुरक्षित होत नाहींत, अपमानित होतात. आणि मग शेजाऱ्याची गाडी मागून नेतात. समोर बसून बोला. किल्ली मागणाऱ्यानें त्यांस बँकेंत व दवाखान्यांत कोण नेणार, हेंही त्याच बैठकींत ठरवावें.

आणि समवयस्कांनो, घरच्यांस किल्ली मागण्याची वेळच येऊं देऊं नका. आपण होऊन खालीं ठेवलेल्या किल्लीचा मान निराळाच असतो.